ओळख देणे आणि ओळख घडणे : पूर्वार्जित अध्ययनाची मान्यता व प्रौढ विद्यार्थ्याची अस्मिता

सारांश

औपचारिक शिक्षणाच्या चौकटीबाहेर, म्हणजे नोकरी, व्यवसाय, घरकाम व सामाजिक कार्य यांतून मिळवलेल्या ज्ञानाचे मूल्यमापन करून त्यास विद्यापीठीय श्रेयांक देण्याच्या पद्धतीस पूर्वार्जित अध्ययनाची मान्यता असे म्हटले जाते. या पद्धतीमुळे प्रौढ विद्यार्थ्याचा आत्मविश्वास वाढतो व त्यास नवी अस्मिता लाभते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. प्रस्तुत निबंधात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे. मान्यतेची प्रक्रिया विद्यार्थ्याची अस्मिता घडवते हे खरे. परंतु ती कोणत्या भाषेत, कोणाच्या निकषांवर व कोणत्या उतरंडीत घडवते, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : पूर्वार्जित अध्ययन, मान्यता, अस्मिता, प्रौढ शिक्षण, मुक्त विद्यापीठ, अनुभव-संचिका.

१. प्रास्ताविक

मराठीत 'ओळख' हा एक विलक्षण शब्द आहे. एखाद्यास ओळखणे ही क्रिया त्यातून व्यक्त होते आणि 'माझी ओळख' असे म्हणताना मनुष्याची अस्मिताही त्याच शब्दातून व्यक्त होते. दुसऱ्याने मला ओळखावे आणि मी कोण हे मला उमगावे, या दोन घटना मराठी भाषेने एकाच शब्दात बांधून ठेवल्या आहेत. अन्य भाषांतील शिक्षणशास्त्रीय लेखनात या दोन घटनांसाठी बहुधा दोन वेगळ्या संज्ञा वापरल्या जातात आणि मग त्या दोहोंतील संबंध सिद्ध करण्यासाठी ग्रंथ लिहावे लागतात. आपल्या भाषेने हा संबंध गृहीतच धरला आहे. मात्र जे गृहीत धरले जाते त्याची तपासणी राहून जाते, हा धोकाही येथेच संभवतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा प्रसिद्ध झाला. अनुभवातून मिळालेल्या प्रावीण्याला श्रेयांक देता येतील, ही तरतूद या आराखड्यात आहे. त्यामुळे आजवर परिसंवादांपुरता राहिलेला हा विषय महाविद्यालयांच्या प्रवेशसमित्यांपुढे आणि अभ्यासमंडळांपुढे येऊ लागला आहे. चाळिशीतील एखादी अंगणवाडी सेविका किंवा पन्नाशीतील एखादा तंत्रज्ञ अर्ज घेऊन समोर उभा राहील तेव्हा आपण त्याचे नेमके काय ओळखणार आहोत, याचा विचार अध्यापकवर्गाने नियमावली हाती येण्यापूर्वी करणे आवश्यक आहे.

२. संकल्पनेची वाटचाल

पूर्वार्जित अध्ययनाची मान्यता ही पाश्चात्त्य देशांतून आलेली नवी कल्पना आहे, असा समज आढळतो. तो अर्धसत्य आहे. १८७८ मध्ये रमाबाई डोंगरे कलकत्त्यास गेल्या, तेव्हा त्यांनी कोणत्याही शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. आईवडिलांबरोबर तीर्थाटन करीत, पुराणे सांगत त्यांनी संस्कृत विद्या संपादन केली होती. कलकत्त्यातील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. आजच्या परिभाषेत ही पूर्वार्जित अध्ययनाची मान्यताच होय. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही पदवी त्यांच्या नावामागे लागली ती कायमची. मान्यता आणि अस्मिता यांचा संबंध याहून ठळकपणे दाखवणारे उदाहरण क्वचितच सापडेल. तथापि त्या विद्वानांनी ओळखले ते रमाबाईंचे शास्त्रपांडित्य. दुष्काळात, अनवाणी प्रवासात आणि आप्तांच्या मृत्यूंत त्यांना उमगलेले स्त्रीजीवन त्या परीक्षेचा विषय नव्हते. पुढे त्यांच्या हातून जे कार्य उभे राहिले त्याचे मूळ मात्र या दुसऱ्या ज्ञानात अधिक आहे.

दुसरा संदर्भ महात्मा जोतीराव फुले यांचा. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी, खाजगीरीत्या अभ्यास करणाऱ्यांना प्रवेशपरीक्षेस बसू दिल्याबद्दल विद्यापीठाचे आभार मानले आणि हीच सवलत वरच्या परीक्षांनाही लागू करावी अशी मागणी केली. ज्ञान कोठे मिळवले यापेक्षा ते मिळवले आहे की नाही, हे विद्यापीठाने पाहावे, हे तत्त्व या मागणीत अनुस्यूत आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या तत्त्वाला संस्थात्मक रूप आले. अमेरिकेत १९७४ मध्ये मॉरिस कीटन यांच्या पुढाकाराने अनुभवजन्य अध्ययनाच्या मूल्यमापनाचा सहकारी प्रकल्प सुरू झाला. विद्यार्थ्याने आपल्या अनुभवांची संचिका, म्हणजे पोर्टफोलिओ, सादर करावी आणि विषयतज्ज्ञांनी ती तपासून श्रेयांक द्यावेत, ही रीत तेथे रूढ झाली. फ्रान्समध्ये १७ जानेवारी २००२ च्या कायद्याने त्याही पुढचे पाऊल टाकले. अनुभवाच्या आधारावर संपूर्ण पदवी देण्याचा अधिकार परीक्षकमंडळास मिळाला, आणि त्या मंडळात अध्यापकांबरोबर व्यवसायातील जाणकारांचाही समावेश झाला. दक्षिण आफ्रिकेत १९९५ च्या कायद्याने राष्ट्रीय पात्रता चौकटीची पायाभरणी झाली, तेव्हा या मान्यतेकडे वर्णभेदी राजवटीत शिक्षण नाकारल्या गेलेल्यांच्या हानीचे परिमार्जन म्हणून पाहिले गेले.

या तीन परंपरांत विद्यार्थ्याची तीन वेगवेगळी रूपे कल्पिलेली आहेत. अमेरिकी पद्धतीत तो आपल्या प्रगतीचा शिल्पकार असलेला स्वतंत्र व्यक्ती आहे. फ्रेंच पद्धतीत तो आपल्या व्यवसायाचा प्रतिनिधी आहे. दक्षिण आफ्रिकेत तो अन्यायाचा वारसा घेऊन आलेला नागरिक आहे. ज्ञान तेच असले तरी ओळखणारी नजर बदलली की ओळखला जाणारा मनुष्यही बदलतो, हा या तुलनेचा निष्कर्ष होय.

३. प्रवेश आणि मान्यता : एक आवश्यक भेद

महाराष्ट्रात प्रौढ विद्यार्थ्यासाठी विद्यापीठाचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाल्यानंतर. प्रा. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन या विद्यापीठाने पूर्वतयारी अभ्यासक्रमाची योजना आणली. बारावी उत्तीर्ण नसलेल्या, परंतु वयाची १८ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीस हा अभ्यासक्रम पूर्ण करून पदवीच्या वर्गात येता येऊ लागले. शाळा सुटलेल्या गृहिणी, शिपाई, पोलीस, शेतकरी यांच्या घरांत या योजनेमुळे पदवीपत्रे आली, हे तिचे ऐतिहासिक श्रेय निर्विवाद आहे.

तथापि समीक्षेच्या दृष्टीने एक भेद नोंदवणे भाग आहे. पूर्वतयारीच्या योजनेने प्रवेश दिला. पूर्वार्जित ज्ञानाला मान्यता दिली नाही. वीस वर्षे शेती करणारा मनुष्य आणि नुकताच शाळा सोडलेला मुलगा, दोघेही तेच पुस्तक घेऊन बसले. प्रौढत्वाची गणना वयात झाली, अनुभवात झाली नाही. 'तुझे राहून गेलेले आम्ही भरून काढू' असा या योजनेचा आश्वासक स्वर होता. 'तुझ्याजवळ जे आहे ते आम्ही मोजू' असा तो नव्हता.

जर्मन तत्त्वज्ञ अ‍ॅक्सेल होनेथ यांच्या विवेचनाच्या आधारे हा भेद अधिक स्पष्ट करता येईल. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मान्यतेच्या संघर्षावरील ग्रंथात त्यांनी मान्यतेचे तीन प्रकार मांडले आहेत. जिव्हाळ्याच्या संबंधांतून आत्मविश्वास येतो, समान हक्कांतून आत्मसन्मान येतो आणि आपल्या विशिष्ट कर्तृत्वाची समाजाने कदर केल्याने स्वमूल्याची जाणीव येते. या चौकटीत पाहिल्यास मुक्त प्रवेश ही हक्काच्या पातळीवरील मान्यता ठरते. इतरांइतकाच मलाही अधिकार आहे, ही जाणीव त्यातून मिळते. पूर्वार्जित अध्ययनाची मान्यता ही तिसऱ्या पातळीवरची आहे. माझ्याजवळ असे काही आहे जे इतरांजवळ नाही आणि ते मोलाचे आहे, ही जाणीव तीतून अपेक्षित आहे. पहिल्या प्रकारात मनुष्य विद्यार्थी म्हणून ओळखला जातो, दुसऱ्यात जाणकार म्हणून. आपल्याकडील धोरणात्मक चर्चेत या दोहोंची सरमिसळ होते आणि दार उघडले म्हणजे कदरही झाली असे समाधान मानले जाते.

४. संचिका लिहिणारा 'मी'

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मान्यतेच्या प्रक्रियेत अस्मिता नेमकी कोठे घडते? श्रेयांकपत्र हाती पडते त्या क्षणी ती घडते, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात ती त्यापूर्वीच, संचिका लिहिताना घडू लागते. आपले आयुष्य एका विशिष्ट साच्यात सांगण्यास अर्जदारास सांगितले जाते आणि सांगता सांगता ते आयुष्य त्या साच्याचा आकार घेते.

उदाहरणादाखल अंगणवाडी सेविकेचा विचार करू. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तेव्हापासून सेविका मुलांची वजने घेत आहेत, वाढीचे तक्ते भरत आहेत, पूरक पोषण आहार वाटत आहेत आणि घरोघर फिरत आहेत. अशा कामातून सेविकेस काय कळते? ऊसतोडणीहून परतलेल्या कुटुंबातील मुलाचे वजन उतरलेले असणार, हे तिला तराजूवर ठेवण्यापूर्वी ठाऊक असते. कोणत्या घरी सुनेशी बोलावे आणि कोणत्या घरी आधी सासूशी, हे ती जाणते. घरी दिलेला शिधा मुलाच्या वाटीत पडतो की साऱ्या घराच्या ताटांत वाटला जातो, याचा तिला अंदाज असतो. स्थलांतर, कुटुंबसत्ता आणि अन्नाचे वाटप यांविषयीचे हे ज्ञान समाजशास्त्राच्या कोणत्याही पदवीवर्गात महत्त्वाचे मानले जाईल.

परंतु ही सेविका संचिका लिहावयास बसली की तिच्यापुढे रकाने येतात : 'संवादकौशल्य', 'नेतृत्वगुण', 'समस्या निराकरण', 'वेळेचे नियोजन'. सासूशी आधी बोलण्यातील जाण ही कुटुंबातील सत्तासंबंधांचे आकलन आहे. रकान्यात ती 'उत्तम संवादकौशल्य' एवढीच उरते. ज्ञानाचे रूपांतर कौशल्यात होते आणि जाणकार स्त्रीचे रूपांतर कुशल कर्मचाऱ्यात. तिला श्रेयांक मिळतातही. मात्र ती स्वतःला आता ज्या शब्दांत ओळखू लागते ते शब्द तिच्या कामातून आलेले नसतात.

दुसरी अडचण व्याकरणाची आहे. संचिकेस प्रथमपुरुषी एकवचन लागते. 'मी हे केले, त्यातून मी हे शिकले' असे लिहावे लागते. बचतगटाच्या, गावपातळीवरील आरोग्याच्या किंवा शेतीच्या कामात ज्ञान बहुधा 'आम्ही'चे असते. सेविकेचे ज्ञान मदतनिसीपासून, गावातील जुन्या सुईणीपासून आणि मातांपासून वेगळे काढता येत नाही. एलाना मिशेलसन यांनी स्त्रीवादी भूमिकेतून प्रौढ अध्ययनाच्या सिद्धांतांची जी चिकित्सा केली आहे, तिचा रोखही याच मुद्द्याकडे आहे. अनुभवापासून अलग होऊन त्यावर चिंतन करणारा एकटा, स्वायत्त ज्ञाता हा या सिद्धांतांचा आदर्श आहे, आणि हा आदर्श सर्वांच्या जगण्याशी जुळत नाही. 'आम्ही' पुसून 'मी' लिहिण्यास शिकणे ही काही स्त्रियांच्या बाबतीत मुक्ती ठरेल, कारण अनेकींना 'मी' म्हणण्याची संधीच मिळालेली नसते. परंतु ज्यांच्या सन्मानाचा आधारच सामूहिकतेत आहे, त्यांना हे लेखन आपल्या माणसांचे श्रेय स्वतःकडे घेतल्यासारखे वाटण्याची शक्यता आहे. ही द्विधा संचिकेच्या मार्गदर्शिकांत क्वचितच दिसते.

तिसरी अडचण भाषेची. हे ज्ञान अहिराणीत, वऱ्हाडीत, मालवणीत साठलेले असते. संचिका प्रमाण मराठीत, पुष्कळदा इंग्रजीतही, मागितली जाते. भाषांतर करताना जे निसटते ते ज्ञानच नव्हते, असा निर्णय मग आपोआप लागतो.

स्वीडनमधील पेर अँडरसन व आंद्रेआस फेयेस यांनी २००५ मध्ये फूकोच्या विचारांच्या आधारे असे दाखवले की, पूर्वार्जित अध्ययनाची मान्यता हे प्रौढ विद्यार्थी 'घडवण्याचे' एक तंत्र आहे. स्वतःविषयी सांगण्यास प्रवृत्त केलेला मनुष्य स्वतःच स्वतःचे नियमन करू लागतो. हे विवेचन मर्मभेदी आहे. पण ते एकांगीही आहे. जॅक मेझिरो यांनी १९७८ मध्ये महाविद्यालयात परतलेल्या अमेरिकी स्त्रियांच्या अभ्यासातून दृष्टिकोन-परिवर्तनाची संकल्पना मांडली, ती या संदर्भात विसरता येत नाही. आपल्या आयुष्यातील गृहीतके तपासू लागलेल्या व्यक्तीस कधी कधी असे काही दिसते की, जे संस्थेच्या साच्यात बसत नाही. साचा देणाऱ्यांच्या हेतूपलीकडे जाण्याची लिहिणाऱ्याची क्षमता नाकारली, तर आपणही त्याला ज्ञाता म्हणून ओळखण्याचे नाकारतो.

५. मान्यतेची उतरंड

मान्यतेचा आणखी एक पैलू म्हणजे ती कोणत्या पायरीवर मिळते हा. प्रधानमंत्री कौशल विकास योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्या अंतर्गत गवंडी, सुतार, शिंपी यांसारख्या कारागिरांच्या पूर्वार्जित अध्ययनाचे मूल्यमापन करून त्यांस प्रमाणपत्रे देण्याची सोय झाली. गवंड्याच्या हाती प्रमाणपत्र आले ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु हे प्रमाणपत्र त्यास, तो जे आधीच आहे तेच असल्याचे सांगते. बांधकामशास्त्राच्या वर्गाकडे जाणारी वाट त्यातून सहसा निघत नाही. येथे अस्मिता विस्तारण्याऐवजी जागच्या जागी शिक्कामोर्तब होऊन बसते. ज्या समाजात व्यवसाय आणि जात यांचे नाते दीर्घकाळ घट्ट राहिले, तेथे 'तू उत्तम गवंडी आहेस' हे वाक्य गौरवाचे असूनही कुंपणासारखे काम करू शकते. यावर उपाय म्हणजे श्रेयांकांची वाट आडवी न राहता वर जाणारी असणे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय, उच्च आणि व्यावसायिक शिक्षण एका सूत्रात आणण्याचे वचन दिले आहे. त्या वचनाची खरी कसोटी या ठिकाणी लागणार आहे.

विद्यापीठे अनुभवाकडे कसे पाहतात याचे एक बोलके उदाहरण खानदेशात आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) निरक्षर होत्या. त्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली आणि मराठीच्या अभ्यासक्रमांत स्थिरावली. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. हा उचित गौरव आहे. मात्र ज्या विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर हे नाव कोरले आहे, त्या विद्यापीठात अशी एखादी शेतकरी स्त्री आज अर्ज घेऊन आली, तर तिचे शेती, बियाणे, ऋतू आणि भाषा यांविषयीचे ज्ञान कोणत्या रकान्यात भरले जाईल? विद्यापीठाने बहिणाबाईंना अभ्यासाचा विषय म्हणून ओळखले, नाव म्हणून मिरवले. त्यांच्यासारख्यांना अभ्यासक म्हणून ओळखण्याचे काम अद्याप बाकी आहे. हा प्रश्न एका विद्यापीठाचा नाही. आपल्या सर्व विद्यापीठांस तो विचारता येईल.

६. एक गंभीर आक्षेप

अनुभवास श्रेयांक देण्याविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो, आणि त्यास केवळ प्रस्थापितांचा अहंकार म्हणून झटकून टाकणे योग्य नाही. बेसिल बर्नस्टाइन यांनी दैनंदिन, संदर्भबद्ध ज्ञान आणि संकल्पनांच्या श्रेणीबद्ध रचनेतून वाढणारे शास्त्रीय ज्ञान यांत भेद केला आहे. पहिल्यातून दुसरे आपोआप निष्पन्न होत नाही. सेविकेस कुपोषण ओळखता येते, म्हणून तिला पोषणशास्त्र येते असे म्हणता येत नाही. तिला त्या विषयातून सूट दिली, तर ज्या वर्गात तिच्या अनुभवास संकल्पनेचे बळ मिळाले असते, नेमक्या त्याच वर्गापासून ती वंचित राहील. ज्या वर्गमित्रांना तिच्याकडून शिकता आले असते, तेही वंचित राहतील. सवलतीच्या रूपाने दिलेली मान्यता अशा रीतीने प्रौढ विद्यार्थ्याची फसवणूक ठरू शकते.

या आक्षेपातून मान्यता नाकारण्याचा निष्कर्ष निघत नाही. सूट हे मान्यतेचे एकमेव रूप नव्हे, एवढाच तो निघतो. पाठ्यपुस्तकातील सिद्धान्ताची चाचणी घेण्याचा अधिकार तिला देणे, प्रकल्पासाठी तिच्याच कार्यक्षेत्रातील प्रश्न स्वीकारणे, तिच्या नोंदवह्यांना प्राथमिक साधनसामग्रीचा दर्जा देणे, ही सुद्धा मान्यतेची रूपे आहेत. अस्मितेच्या दृष्टीने ती अधिक फलदायी ठरावीत, कारण त्यांत तिचे ज्ञान प्रवेशाच्या वेळी एकदाच मोजून बाजूला ठेवले जात नाही. ते अध्ययनाच्या संपूर्ण काळात बोलत राहते.

नकाराचाही विचार येथे करावा लागेल. प्रत्येक दावा मान्य होणे शक्य नाही व इष्टही नाही. परंतु परीक्षेत नापास होणारा तरुण एका विषयात नापास होतो. आयुष्याची संचिका नाकारली गेलेला प्रौढ मनुष्य आपले आयुष्यच नाकारले गेले असे समजू शकतो. अंशतः मान्यता देताना कोणते ज्ञान अद्याप तपासले जावयाचे आहे हे सांगण्याची फ्रेंच परीक्षकमंडळांची पद्धत या दृष्टीने अनुकरणीय आहे. नकाराची कारणे लिहून मिळणे हा अर्जदाराच्या सन्मानाचाच एक भाग मानला पाहिजे.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१) पूर्वार्जित अध्ययनाची मान्यता ही आधीपासून असलेल्या अस्मितेचे केवळ प्रतिबिंब दाखवत नाही, निकष, भाषा व लेखनाचा साचा यांच्याद्वारे ती नवी अस्मिता घडवते. म्हणून निकष ठरवणे हे प्रशासकीय काम नसून शैक्षणिक व नैतिक दायित्वाचे काम आहे.

२) मुक्त प्रवेश व मान्यता यांत भेद केला पाहिजे. महाराष्ट्राने पहिल्या बाबतीत मोठी मजल मारली आहे. दुसरी बाब अद्याप प्रारंभिक अवस्थेत आहे.

३) संचिकेसोबत मौखिक मुलाखतीची, बोलीत निवेदन करण्याची आणि सामूहिक कामाचे पुरावे सादर करण्याची मुभा असावी. परीक्षकमंडळात त्या त्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्या व्यक्ती असाव्यात.

४) मान्य झालेल्या प्रत्येक दाव्यातील ज्ञानाची माहिती संबंधित अभ्यासमंडळाकडे जावी. सेविकेला जे ठाऊक आहे ते आपल्या पुस्तकांत का नाही, हा प्रश्न तेथे विचारला जावा.

यांतील शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मान्यता परस्पर असल्याखेरीज पूर्ण होत नाही, हा होनेथ यांच्या व त्यांच्यापूर्वी हेगेलच्या विवेचनाचा गाभा आहे. ज्याच्याकडून ओळख मिळवावयाची, त्यालाही ओळखणाऱ्याची पात्रता अंगी आणावी लागते. विद्यार्थी विद्यापीठाच्या साच्यात बसला की नाही एवढेच पाहणारी मान्यता ही दीर्घ अर्जाची प्रवेशपरीक्षाच राहील. प्रौढ विद्यार्थी आपल्यासोबत जे घेऊन येतो त्यामुळे विद्यापीठाच्या ज्ञानात काही भर पडली, काही दुरुस्ती झाली, तरच त्यास जाणकार म्हणून ओळखले असे म्हणता येईल. अन्यथा त्याच्या हाती श्रेयांक असतील, आणि तो पूर्वीइतकाच अनोळखी राहील.